गाडी पुळणीच्या अलीकडे थांबवा

डिसेंबरात गाड्या घेऊन कोकणात उतरणाऱ्या सातारा-सांगलीकरांना खुले पत्र

मंडळी,

सप्रेम नमस्कार.

ऊसतोडीच्या टोळ्या फडात उतरल्या की आपल्याकडे दुसरीही एक तयारी सुरू होते. मित्रांच्या ग्रुपवर तारखा पडतात, कोणाची गाडी, कोण चालवणार, राहायचं कुठे याची चर्चा रंगते. वाईपासून तासगावपर्यंत एकच ठराव होतो: यंदा थर्टी फर्स्ट समुद्रावर. चार-सहा गाड्या एकामागोमाग पहाटे निघतात. मीही साताऱ्याची. हा प्रवास मला मनापासून आवडतो आणि तो तुम्ही करावा असंच मला वाटतं.

मागणं एकच आहे. समुद्रापर्यंत गाडीने जरूर जा, पण पुळणीवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूवर, गाडी घालू नका. वाटेत जांभ्याचा उघडा सडा, म्हणजे कातळाचं सपाट पठार, लागला तर तिथेही डांबर सोडू नका. हे का मागते आहे ते सांगायला थोडं लांबून, आपल्या घरापासूनच, सुरुवात करते.

साताऱ्याहून निघालेला माणूस उंब्रजला महामार्ग सोडून मल्हारपेठेवरून पाटणला जातो. सांगलीकडचे कराडवरून येतात. विटा, खानापूर आणि पार जतकडच्यांना तर वाट शोधायचीही गरज नाही, कारण गुहागर-विजापूर राष्ट्रीय महामार्ग त्यांच्याच मुलखातून जातो. जिथे टँकरची वाट बघण्यात उन्हाळे गेले तिथून निघालेला हा रस्ता शेवटी लाटांपाशी जाऊन थांबतो. जतकडच्या पोराला समुद्र पहिल्यांदा दिसतो तेव्हा त्याला काय वाटत असेल, हा विचार मी त्या रस्त्यावर नेहमी करते.

हेळवाकला क्षणभर थांबा. महाबळेश्वरला उगम पावलेली कोयना तिथवर उत्तरेकडून दक्षिणेला येते, हेळवाकपाशी पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. म्हणजे तिचं सगळं पाणी जायचं बंगालच्या उपसागराला. धरण झालं, डोंगराच्या पोटातून बोगदे काढले आणि धरणाच्या शिवसागर जलाशयातलं पाणी पश्चिमेला पोफळीच्या भूमिगत वीजघरात पडू लागलं. तिथून कोळकेवाडी, मग वाशिष्ठी, चिपळूण आणि दाभोळच्या खाडीतून अरबी समुद्र. सुमारे १०५ टीएमसीच्या या धरणातलं साडेसदुसष्ट टीएमसीपर्यंत पाणी दरवर्षी विजेसाठी असं खाली सोडता येतं. त्या धरणासाठी आपल्याच जिल्ह्यातली गावं उठली. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त झालं, ती आठवण पाटण खोऱ्यात आजही जिवंत आहे. कुंभार्ली उतरताना आपण परक्या मुलखात चाललोय असं मला म्हणूनच कधी वाटत नाही. आपलं पाणी आपल्या आधीच खाली पोचलेलं असतं. चिपळूणच्या खाडीतल्या मगरी आणि दाभोळच्या तोंडाशी जाळं टाकणारा कोळी, दोघांच्याही अंगाखाली थोडी कोयना वाहत असते.

कुंभार्ली घाट शक्यतो दिवसा उतरा. दोन्ही अंगांना कोयनेचं जंगल आहे, गवे रस्त्यावर येतात, आणि धुकं असलं की पुढच्या गाडीचा दिवाही दिसत नाही. खाली उतरलं की हवा बदलते. अंगातला स्वेटर आपोआप निघतो. बहादूरशेख नाक्यावरून गुहागरची वाट धरायची. मार्गताम्हाणे, शृंगारतळी अशी गावं मागे पडतात. रस्ता चढतो, सड्यावर येतो, पुन्हा उतरतो. कोकणातला प्रवास सगळा असाच चालतो, सडा आणि खाडी, सडा आणि खाडी. गुहागरात शिरल्यावर समुद्र दिसतच नाही. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना घरं, घरांमागे नारळ-पोफळीच्या वाड्या. व्याडेश्वराच्या देवळाजवळून एखाद्या पाखाडीने, म्हणजे घरांमधल्या दगडी पायवाटेने, चालत गेलं की सुरूची झाडं लागतात, आणि त्यांच्यापलीकडे एकदम उघडी, लांबच लांब पुळण. ती पहिल्या नजरेत मावत नाही.

गुहागरवरून परत फिरू नका, हा माझा आग्रह. खरा समुद्राकाठचा रस्ता तिथून दक्षिणेला सुरू होतो. मोडकाआगर, पालशेत, अडूर, वेळणेश्वर, हेदवी. रस्ता एका गाडीपुरता, वळणावळणाला उतार, आणि प्रत्येक उताराच्या तळाशी एक गाव आणि त्या गावाचा स्वतःचा समुद्र. हेदवीला दशभुजा गणपतीचं दर्शन घेतल्यावर बामणघळ बघायला जा. काळ्या खडकाला एक अरुंद भेग आहे. भरतीची लाट तिच्यात घुसते, कोंडते आणि पांढऱ्या पाण्याचा स्तंभ वर उसळतो. ओहोटीला तिथे काहीच दिसत नाही, फक्त खडक. म्हणून भरतीची वेळ आधी बघून जा. ती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. खडकाच्या कडेपासून मात्र लांब उभे राहा.

तवसाळला रस्ता संपतो आणि गाडी फेरीबोटीत चढते. पलीकडे जयगड. मधलं पाणी शास्त्री नदीच्या खाडीचं. सांगलीकरांनो, आपल्या चांदोलीच्या डोंगराची पश्चिमेकडची उतरण निथळते ती याच शास्त्रीत. पुढेमागे सागरी महामार्गाचे पूल होतील आणि ही बोट बंद पडेल. तोवर तिचा आनंद घ्या. गाडी बंद करून खाली उतरायचं, कठड्याला टेकायचं, एकीकडे उघडा समुद्र आणि दुसरीकडे खारफुटीची हिरवी किनार. जयगडचा किल्ला आणि दीपगृह बघून मालगुंड, जिथे १८६६ मध्ये केशवसुत जन्मले. मग गणपतीपुळे, नेवरे आणि आरे-वारे. आरे-वारेच्या चढावरून खाली दोन्ही बाजूंना पुळण दिसते. या सगळ्या प्रवासात श्वास अडकावा असं एकच ठिकाण सांगा म्हटलं तर मी हेच सांगेन. वरून बघितलं की वाळूवरच्या रेघाही दिसतात, आणि मला काळजी आहे ती या रेघांचीच.

सुट्टीच्या दिवसांत तिथे टायरच्या रेघा असतात. नुसत्या जाऊन आलेल्या नव्हेत, गोल फिरवलेल्या, घसरवलेल्या, लाटांत घालून बाहेर काढलेल्या. मोबाइलवर ते व्हिडिओ तुम्हीही बघितले असतील. वाळूत रुतलेली गाडी, चहूबाजूंनी चढणारं पाणी आणि धावाधाव करणारे गावकरी असेही बघितले असतील. गाड्यांच्या पाट्या वाचायची मला सवय आहे. एमएच ११, एमएच १०, एमएच ५०. सातारा, सांगली, कराड. आपल्याच माणसांच्या गाड्या. म्हणून हे पत्र तुम्हाला लिहिते आहे.

आता कासवांचं सांगते. ऑलिव्ह रिडले जातीच्या कासविणी साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री आपल्या पुळणींवर चढतात. म्हणजे आपल्या सहली आणि त्यांची वीण एकाच वेळी येते. भरतीच्या रेषेच्या वर कोरड्या वाळूत मादी हातभर खोल खड्डा करते, शंभरेक अंडी घालते, वाळू लोटून खड्डा बुजवते आणि पाण्यात निघून जाते. पुढचे ४५ ते ६० दिवस त्या अंड्यांना सांभाळते ती फक्त वाळू. वाळू किती तापली यावर पिल्लू नर होणार की मादी हेही ठरतं. पिल्लं बाहेर येतात तेव्हा इतकी लहान असतात की तळहातावर एक मावावं. क्षितिजाकडचा उजेड बघत ती समुद्राकडे निघतात.

त्या वाळूवरून दीड-दोन टनांची गाडी गेली तर काय होतं? वाळू दबते, आतली हवा जाते, बाहेर यायची वाट बंद होते. घरट्यावरून चाक गेलं नाही तरी चाकोरी राहते. आपल्या पायाला ती जाणवतही नाही, पण दीड-दोन इंची पिल्लाला ती दरी असते. पिल्लू चाकोरीत पडतं आणि समुद्राकडे जायच्या ऐवजी तिच्यातूनच चालत राहतं. ऊन वर येतं, कावळे येतात, कुत्री येतात. रात्री हेडलाइट लावून पुळणीवर गाणी वाजवली तर अंडी घालायला आलेली मादी तशीच माघारी फिरते. पिल्लं असतील तर ती समुद्र सोडून दिव्याकडे वळतात.

काहीजण म्हणतील, अंडी तर कुंपणातल्या संवर्धन केंद्रात नेऊन ठेवतात, मग गाडीने काय बिघडतं? हाच प्रश्न मी गुहागरच्या बाजूच्या एका कासवमित्राला विचारला होता. पहाटे बॅटरी घेऊन सगळी पुळण पायी फिरणं हे त्याचं काम. त्याने मला वाळूतला माग दाखवला. पाण्यातून वर गेलेला एक, परत आलेला एक, आणि दोन्ही जिथे मिळतात तिथे घरटं. तो म्हणाला, "ताई, आम्हाला घरटं दिसत नाही, माग दिसतो. रात्री गाड्या फिरल्या की माग पुसला जातो. मग घरटं कुठे हे कोल्ह्याला कळतं, मला नाही." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. आपलं काम कसं चालतं एवढंच तो समजावून सांगत होता. यावर मला दुसरा कुठला मुद्दा मांडायची गरज वाटत नाही. टायरने अंडं फुटो वा न फुटो, माग पुसला गेला तरी घरटं गेलं.

ही कासवं कुठून कुठे जातात हे आता थोडंथोडं कळू लागलं आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत गुहागरला दोन माद्यांच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रं बसवली. त्यातली बागेश्री केरळ ओलांडून, श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात शिरली. त्याच्या उलट, ओडिशात २०२१ मध्ये खूण बसवलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. साडेतीन हजार किलोमीटर पोहून आलेला तो जीव. भारताच्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ऑलिव्ह रिडले आहे, म्हणजे वाघाच्या बरोबरीचं संरक्षण. आपल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात कोणी वाघाच्या गुहेवरून गाडी फिरवली तर आपण काय म्हणू?

पुळणीवर फक्त कासवं नसतात. सुरूच्या अलीकडे वाळूवर पसरलेली, जांभळ्या फुलांची मर्यादवेल बघा. तिच्या मुळांनी वाळूची टेकाडं धरून ठेवलेली असतात. उधाणाच्या लाटांपासून मागच्या वाड्या वाचतात त्या या टेकाडांमुळे. गाडीने तीच वेल चिरडून वाट काढली की पुढच्या पावसाळ्यात समुद्र त्याच वाटेने आत येतो. तोवर आपण घरी परतलेले असतो. कोणाच्या तरी विहिरीत खारं पाणी शिरतं, त्याची बातमी आपल्यापर्यंत येतही नाही.

सड्यांबद्दल तर आपल्याला सांगायची गरजच पडू नये. कास आपलं आहे. कासचा जांभा आणि राजापूरच्या सड्याचा जांभा एकाच घडणीचा, फरक फक्त उंचीचा. तीच सीतेची आसवं, तोच गेंद, तोच तेरडा. २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर कासला जागतिक वारशाचा मान मिळाला आणि सप्टेंबरात गाड्यांच्या रांगा लागल्या. फुलांत बसून, लोळून फोटो काढणारे आले. मग तिकीट आलं, रोजच्या माणसांवर मर्यादा आली. तेव्हा आपणच तळमळून सांगत होतो की बाबांनो, पायवाटेवरून चला, इथली माती बोटभर जाड आहे, ती एकदा गेली की फूल परत येत नाही. पुण्या-मुंबईच्या लोकांना आपण जे सांगितलं ते ऐकायची पाळी आता आपली आहे.

डिसेंबरात कोकणातला सडा उघडाबोडका दिसतो. काळा खडक, वाळलेलं गवत, माणूस नाही. गाडी पळवायला मोकळं रान, असं वाटणं साहजिक आहे. पण खडकाच्या खळग्यांत साठलेल्या त्या बोटभर मातीत कंद आणि बी पुढच्या जूनची वाट बघत पडून असतं. आणखीही एक गोष्ट तिथे असते. पावसजवळून पूर्णगडचा पूल ओलांडला की गावखडीची पुळण, आणि पुढे कशेळी. कनकादित्याचं देऊळ अनेकांना माहीत आहे. त्याच कशेळीच्या सड्यावर जांभ्यात कोरलेला सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती आहे, आणि त्या हत्तीच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी कोरलेले आहेत. हजारो वर्षांपूर्वी कोणी तरी उन्हात बसून ते कोरलं. उक्षी, जांभरूण, देवीहसोळ, बारसू, रुंढे तळी इथेही अशी कातळशिल्पं आहेत. रत्नागिरीच्या काही ध्येयवेड्या माणसांनी सडे पायी पालथे घालून, गुराख्यांना विचारून ती उजेडात आणली. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. कोरीव रेघ फार खोल नसते, बऱ्याच ठिकाणी ती मातीखाली दबलेली असते. तुमच्या चाकाखाली काय आहे हे गाडीत बसून कळणारच नाही. ज्या जागी दगडांची कडी रचून शिल्प राखलं आहे तिथे तर बुटांनीही रेघांवर उभं राहू नका.

मला माहीत आहे, काहींना ही बंधनं वाटतील. गाडी फोर बाय फोर आहे, तिचं काम रस्ता सोडण्याचंच आहे, असं एका मित्राने मला सांगितलं. चिखलाच्या शेतात, उसाच्या पाणंदीत, नदीच्या पात्रातून ट्रॉली ओढताना ती ताकद लागते, हे मान्य. आपल्या भागात त्या गाडीला पुरेसं काम आहे. आणि गावातला ट्रॅक्टर पुळणीवर दिसला तर तेही कारण पुढे करू नका. होडी वर ओढायला तो भरतीच्या रेषेखालच्या घट्ट वाळूवर येतो, तो चालवणाऱ्याला उधाणाची मोठी भरती कधी आणि भांगाची छोटी कधी हे तोंडपाठ असतं, आणि तो रोजच्या भाकरीसाठी येतो.

मग करायचं काय? गाडी गावात, वाडीत किंवा वाहनतळावर लावा, घरमालकाला विचारून लावा, आणि पाखाडीने चालत जा. कोकणात चालण्यासारखं सुख नाही. मुक्काम मोठ्या आवारात न शोधता गावातल्या घरात करा. जेवण चांगलं मिळेल आणि पैसा गावात राहील. समुद्रावर अंधार पडला की मोबाइलची बॅटरीही विझवा. बाटल्या सोबत परत आणा. पुळणीवर शेकोटी नको. जमलं तर डिसेंबरची गर्दी टाळून फेब्रुवारी-मार्चमध्ये जा. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला २००६ पासून कासव महोत्सव भरतो, आंजर्ल्यातही पिल्लं समुद्रात सोडताना बघायला मिळतात. सकाळ-संध्याकाळ दोरीच्या मागे उभं राहून, एकही शब्द न बोलता शेकडो माणसं त्या चिमुकल्या जीवांना पाण्यात जाताना बघतात. आपल्या पोरांना ते दाखवा. गाडीच्या टपावर बसवून काढलेल्या फोटोपेक्षा त्यांना ते जास्त दिवस आठवेल, याची मला खात्री आहे.

सहली नेणाऱ्या व्यावसायिकांना आणि वाहनधारकांच्या ग्रुपच्या ॲडमिनना वेगळी विनंती. कार्यक्रमाच्या यादीत "बीच ड्राइव्ह" किंवा "समुद्रात गाड्यांचं फोटोशूट" अशी ओळ असेल तर ती काढा. निघायच्या आदल्या दिवशी सूचना देताना घाटातला वेग, बोटीची वेळ, पेट्रोलपंप हे सगळं तुम्ही सांगताच. त्यातच हेही सांगा की पुळण आणि सडा पायीच. ताफ्यात एखादी गाडी वाळूकडे वळली तर पुढच्याने हॉर्न वाजवून थांबवावं, मागच्याने मोबाइल काढून व्हिडिओ करू नये. आणि यंदाच्या थर्टी फर्स्टला कुठल्या पुळणीवर जाणार आहात ते तिथल्या ग्रामपंचायतीला किंवा कासवमित्राला आधी फोन करून सांगा, गाड्या कुठे लावायच्या ते तेच सांगतील.

आपली,
एक सातारकर सहप्रवासी